रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रांत वारंवार येणारा नॉइज : कारण कसे ओळखावे आणि उपाय कोणता करावा

एप्रिलमधील अमावास्येच्या सुमारास भंडारदऱ्याच्या परिसरात मी ज्येष्ठा ताऱ्याभोवतीच्या भागाची ८० छायाचित्रे घेतली होती. लेन्स ८५ मिमी, ॲपर्चर एफ/२.८, आयएसओ (नोंदलेला संकेत किती वाढवायचा याचे सेटिंग) १६००, प्रत्येक एक्स्पोजर ६० सेकंदांचे, कॅमेरा ट्रॅकरवर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर. एकेक सुटे छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा तारे गोल होते, फोकस नेमका होता आणि तक्रारीला कोठेही जागा नव्हती. ऐंशीही छायाचित्रे जुळवून एकत्र केली आणि चित्र थोडे उजळले, तेव्हा मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्याच्या दिशेने सर्वत्र बारीक लाल-हिरव्या रेघा उमटलेल्या दिसल्या. वाऱ्याने तिरका झालेला पाऊस काचेवर दिसावा तशा. पुढच्या खेपेला आयएसओ ८०० वर आणला, तरी रेघा आल्याच. त्यापुढच्या खेपेला ८० ऐवजी १२० छायाचित्रे घेतली, तर त्या अधिक लांब झाल्या.

आयएसओ कमी करणे हा पहिला उपाय मला जसा सुचला तसाच तो बहुतेकांना सुचतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी लावलेला असतो. याचे कारण असे की प्रकाशाच्या कमतरतेमुळे येणारा दाणेदारपणा, सेन्सरच्या उष्णतेमुळे चमकणारे ठिपके, कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे पडणारे पट्टे किंवा कोपऱ्यातील झळाळी आणि छायाचित्रे एकत्र करताना निर्माण होणाऱ्या रेघा, अशा निदान चार वेगवेगळ्या गोष्टींना आपण ‘नॉइज’ हा एकच शब्द वापरतो. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, किंबहुना काही वेळा तो दुसरीला वाढवतो. म्हणून आधी आपल्या छायाचित्रातील नॉइज कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे आणि मगच सेटिंग बदलावे.

झाकण लावून करायची चाचणी

ही चाचणी जागेवरच, कॅमेरा तापलेल्या अवस्थेत असताना करावी. लेन्सचे झाकण लावून, डीएसएलआर असल्यास मागचे व्ह्यूफाइंडरही झाकून, आकाशाच्या छायाचित्रांसाठी जो आयएसओ आणि जो एक्स्पोजरचा काळ वापरला तोच ठेवून लागोपाठ तीन छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता, घ्यावीत. व्ह्यूफाइंडर झाकण्याची सूचना किरकोळ वाटेल, पण शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या टॉर्चचा प्रकाश त्या वाटेने आत शिरतो आणि मग चाचणीचा निष्कर्ष पूर्णपणे फसतो. हे मी अनुभवाने सांगतो.

घरी आल्यावर ही तिन्ही छायाचित्रे सारख्याच प्रमाणात उजळून शंभर टक्के आकारात एकाखाली एक पाहावीत. तिन्हींत अगदी त्याच जागी लाल, हिरवे किंवा निळे ठिपके दिसले तर ते हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे चमकणारे पिक्सेल होत. प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला असल्यामुळे ते रंगीत दिसतात. एखाद्याच छायाचित्रात छोटी वाकडी रेघ किंवा ठिपक्यांचा पुंजका दिसला आणि बाकीच्या दोहोंत तेथे काहीच नसले, तर तो बहुधा वैश्विक किरणाचा आघात असतो आणि त्याची चिंता करू नये. एखाद्या कडेला किंवा कोपऱ्यात जांभळट झळाळी आली तर ती सेन्सरलगतच्या विद्युत मंडलाची आहे. आडवे-उभे पट्टे असतील तर सेन्सरवरील माहिती वाचताना होणारा तो दोष आहे. आणि झाकण लावलेल्या छायाचित्रांत फारसे काहीच न दिसता आकाशाच्या छायाचित्रांत मात्र वाळू विखुरल्यासारखा दाणेदारपणा असेल, तर दोष सेन्सरचा नसून प्रकाश अपुरा पडलेला आहे.

माझ्या परिचयातील एका छायाचित्रकाराला सर्व्हिस सेंटरमध्ये सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला होता आणि खर्चाचा आकडा जवळजवळ नव्या कॅमेऱ्याइतका होता. त्याच्या कॅमेऱ्यावर ही चाचणी केली तेव्हा ६० सेकंदांच्या छायाचित्रात काही ठिपके होते, एवढेच. इतके ठिपके कोणत्याही चांगल्या सेन्सरवर असतात. त्याची खरी अडचण कॅमेऱ्यासोबत आलेली एफ/३.५ ची किट लेन्स आणि शहराजवळचे आकाश ही होती.

प्रकाश अपुरा पडणे

हे कारण सर्वांत अधिक वेळा आढळते. प्रकाश फोटॉनच्या रूपाने तुटक तुटक येतो आणि त्यांच्या संख्येत जो स्वाभाविक चढउतार होतो तो त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर १०० फोटॉन नोंदले गेले तर चढउतार सुमारे १० चा, म्हणजे १० टक्के असतो. १०,००० नोंदले गेले तर तो १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का असतो. हा नॉइज प्रकाशातच असतो, त्यामुळे कितीही महाग कॅमेरा घेतला तरी तो नाहीसा होत नाही. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे अधिक प्रकाश गोळा करणे.

आता आयएसओविषयी. शटर आणि ॲपर्चर तेच ठेवून आयएसओ १६०० वरून ४०० वर आणला तर सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशात एका फोटॉनचाही फरक पडत नाही. फक्त नोंदलेला संकेत पुढे किती वाढवायचा हे बदलते. अनेक कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्या कॅमेऱ्यांत, कमी आयएसओवर संकेत वाचताना होणारा नॉइज प्रत्यक्षात जास्त असतो, आणि अंधारे छायाचित्र नंतर संगणकावर उजळले की तो वर येतो. खात्री करण्यासाठी शटर आणि ॲपर्चर न बदलता आयएसओ ४००, १६०० आणि ६४०० वर एकेक छायाचित्र घ्यावे आणि तिन्ही सारखीच उजळ दिसतील अशी करून त्यांच्या गडद भागांची तुलना करावी. ४०० चे छायाचित्र सर्वांत स्वच्छ निघेल ही अपेक्षा येथे हमखास खोटी ठरते. ६४०० चा तोटा निराळा आहे : ठळक ताऱ्यांचे रंग जळून ते पांढरेफटक होतात. म्हणून ज्या आयएसओच्या पुढे गडद भागात सुधारणा दिसेनाशी होते तेथे थांबावे. माझ्या कॅमेऱ्यावर ती जागा १६०० आहे, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर ती ८०० असू शकेल.

प्रकाश वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ॲपर्चर हा आहे. एफ/४ च्या तुलनेत एफ/२ वर चौपट प्रकाश मिळतो. शटरचा काळ वाढवण्याला मात्र पृथ्वीचे परिवलन मर्यादा घालते, कारण खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. ट्रॅकर नसल्यास ५०० ला लेन्सच्या फुल-फ्रेम तुल्य (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशेबाने येणाऱ्या) फोकल लेंग्थने भागण्याचा प्रघात आहे. त्यानुसार २४ मिमीला सुमारे २० सेकंद मिळतात. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्यातही तारे किंचित लांबट होतात, त्यामुळे मी स्वतः ५०० ऐवजी ३०० धरतो. एकेक एक्स्पोजर पुरेसे झाले की नाही हे हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावरचा उजळपणाचा आलेख, सांगतो. आकाशाचा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला असेल तर एक्स्पोजर अपुरे आहे. तो भिंतीपासून स्पष्टपणे सुटून रुंदीच्या पाव भागापर्यंत आला की कॅमेऱ्याचा स्वतःचा वाचनाचा नॉइज आकाशाच्या नॉइजपुढे नगण्य ठरतो, आणि त्यापुढे एक्स्पोजर लांबवण्याऐवजी छायाचित्रांची संख्या वाढवणे श्रेयस्कर असते. १६ छायाचित्रांची सरासरी काढली तर यादृच्छिक नॉइज चौथ्या भागावर येतो.

उष्णता, म्हणजे आपल्या हंगामाची अडचण

सेन्सरवर प्रकाश पडत नसतानाही उष्णतेमुळे पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठत राहतात. हा ‘डार्क करंट’ तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने वाढले की दुप्पट होतो. जानेवारीच्या रात्री सह्याद्रीच्या माथ्यावर १२ अंश असतील आणि मेमध्ये कोकण किनाऱ्यावर ३०, तर मधल्या १८ अंशांत तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट वाढ होते; जानेवारीत जे हॉट पिक्सेल जाणवतही नव्हते ते मेमध्ये ताऱ्यांशी स्पर्धा करू लागतात. आपल्याकडची पंचाईत अशी की थंड रात्री मृग, कृत्तिका आणि देवयानीच्या वाट्याला येतात, तर आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिक आणि धनु राशींचा पट्टा, रात्री वर येतो तो नेमका मार्च ते मे या काळात; जूनमध्ये पाऊस आला की सारेच आटोपते. परदेशी लेखांतील सेटिंग जशीच्या तशी उचलली तर निराशा पदरी येते ती यामुळे.

हवेचे तापमान आपल्या हाती नाही, पण सेन्सर हवेपेक्षा नेहमी अधिक गरम असतो आणि तो फरक कमी करता येतो. फोकस साधून झाला की लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर सतत दिसणारे दृश्य) लगेच बंद करावा. उघडणारी स्क्रीन कॅमेऱ्याच्या पाठीपासून दूर फिरवून ठेवावी, प्रत्येक छायाचित्र आपोआप दाखवण्याची सोय बंद करावी आणि सेन्सर हलवून स्थिरता देणारी यंत्रणा ट्रायपॉडवर अनावश्यक असल्याने तीही बंद ठेवावी. दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेला कॅमेरा थेट ट्रायपॉडवर न चढवता तासभर मोकळ्या हवेत राहू द्यावा. थंड करता येणारा खास खगोलीय कॅमेरा वापरणाऱ्यांनीही हिशेब करावा : असे कॅमेरे सहसा हवेपेक्षा ३० ते ३५ अंश खाली जातात, त्यामुळे मेमधील ३० अंशांच्या रात्री उणे १० चा आग्रह धरण्यापेक्षा ० अंशांवर स्थिर राहणे चांगले. सेन्सर थंड ठेवल्याने सारे मिटते असेही नाही. हबल दुर्बिणीवरील वाइड फील्ड कॅमेरा ३ चे दृश्य प्रकाशाचे डिटेक्टर उणे ८० अंशांच्या आसपास ठेवलेले असतात, तरी अंतराळातील प्रारणांमुळे त्यांवर नवे हॉट पिक्सेल तयार होतच राहतात आणि ते कमी करण्यासाठी डिटेक्टर साधारण महिन्याला एकदा तापवून पुन्हा थंड करावे लागतात.

कॅमेऱ्यातील ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय उष्णतेच्या नॉइजवर खरोखर काम करते. ती प्रत्येक छायाचित्रानंतर शटर बंद ठेवून तेवढ्याच काळाचे दुसरे छायाचित्र घेते आणि ते पहिल्यातून वजा करते. दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखे असते, हा तिचा मोठा गुण. एखादेच पाच मिनिटांचे एक्स्पोजर करायचे असेल तर ती जरूर वापरावी. ८० छायाचित्रे घ्यायची असतील तर मात्र अंधाराचा निम्मा वेळ झाकलेल्या सेन्सरवर खर्च होतो आणि ताऱ्यांच्या रेषा काढायच्या असतील तर त्या तुटक येतात. अशा वेळी रात्रीच्या शेवटी, त्याच ठिकाणी, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच काळाच्या २० ते ३० डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून काढलेली छायाचित्रे, घेऊन त्यांची सरासरी वजा करावी.

‘त्याच ठिकाणी’ या शब्दांवर माझा भर आहे. एकदा पहाटे कंटाळा आला म्हणून मी डार्क फ्रेम दुसऱ्या दिवशी दुपारी घरी घेतल्या. खोलीत रात्रीपेक्षा दहाएक अंश अधिक तापमान होते. त्या वजा केल्यावर लाल ठिपके गेले, पण त्यांच्या जागी सुईने टोचल्यासारखी काळी छिद्रे पडली, कारण जेवढे होते त्याहून अधिक वजा झाले होते. काही जण यासाठी कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवतात. तापमान जुळवण्याची कल्पना बरोबर आहे, पण आपल्या दमट हवेत बाहेर काढताच त्यावर पाणी सुटते, म्हणून तो हवाबंद पिशवीत ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज पिशवी उघडू नये. अनेक कॅमेरे छायाचित्राच्या नोंदीत आतील तापमान लिहितात. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने ते वाचून डार्क फ्रेम जुळतात की नाही हे पाहता येते.

तिरक्या रेघांचे मूळ

आता माझ्या त्या रेघांकडे वळतो. झाकणाच्या चाचणीत हॉट पिक्सेल मोजकेच निघाले होते, त्यामुळे उष्णता हे पूर्ण उत्तर नव्हते. उलगडा दोन गोष्टींनी झाला. पहिले आणि ऐंशीवे छायाचित्र एकावर एक ठेवले तेव्हा ज्येष्ठा मधल्या काळात साठाहून अधिक पिक्सेल सरकलेली आढळली, आणि सरकण्याची दिशा रेघांच्या दिशेशी तंतोतंत जुळली. त्यानंतर तीच ऐंशी छायाचित्रे तारे न जुळवता नुसती एकत्र केली. तेव्हा रेघा नाहीशा होऊन त्यांच्या जागी स्थिर ठिपके आणि डाग उरले, आणि तारे मात्र लांबले.

यंत्रणा अशी आहे. सेन्सरवरील दोष सेन्सरला चिकटलेले असतात, तारे मात्र छायाचित्रागणिक थोडे थोडे सरकतात. सॉफ्टवेअर तारे जुळवते तेव्हा ते दोषांना उलट दिशेने ओढते, आणि जे दोष एकेकट्या छायाचित्रात डोळ्यांना दिसतही नव्हते ते ऐंशी वेळा शेजारी शेजारी पडून रेघ होतात. छायाचित्रे वाढवली की रेघ लांबते. आयएसओशी या सगळ्याचा फारसा संबंध नाही.

तारे सरकले कशामुळे, याचे उत्तर आपल्या अक्षांशात आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून स्थळाच्या अक्षांशाइतका उंच असतो, म्हणजे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी १६ ते २१ अंश. समोर डोंगर असला किंवा उन्हाळ्यातील धुरळा असला की तो दिसत नाही आणि ट्रॅकरचा अक्ष, जो आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो, अंदाजाने लावला जातो. अक्षात अर्धा अंश, म्हणजे चंद्राच्या बिंबाएवढी चूक राहिली, तर ८० मिनिटांत तारा जास्तीत जास्त सुमारे १० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो. ८५ मिमी लेन्स आणि ४ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर हे सुमारे ६५ पिक्सेल होतात. एका मिनिटाच्या छायाचित्रात मात्र तेच सरकणे एका पिक्सेलपेक्षाही कमी असल्यामुळे तारे गोल दिसतात आणि अक्ष चुकल्याची शंकाही येत नाही.

उपाय दोन आहेत आणि ते एकत्र करावेत. पहिला, अक्ष नीट लावणे. ध्रुव दिसेल अशी जागा उजेडी निवडून ठेवावी. दुसरा आणि अधिक परिणामकारक उपाय म्हणजे डिदरिंग : दर तीन-चार छायाचित्रांनंतर कॅमेऱ्याची दिशा १० ते १५ पिक्सेलने, दर वेळी वेगळ्या बाजूला, मुद्दाम हलवणे. गायडिंग करणारी, म्हणजे एका ताऱ्यावर लक्ष ठेवून ट्रॅकरची चूक सुधारत राहणारी यंत्रणा हे आपोआप करते. साध्या ट्रॅकरवर मी बटण क्षणभर दाबून पूर्व-पश्चिम आणि बॉल हेडला (कॅमेरा धरणाऱ्या गोल सांध्याला) अगदी हलका धक्का देऊन उत्तर-दक्षिण सरकवतो. धक्का क्वचित मोठा बसतो आणि एखादे छायाचित्र टाकून द्यावे लागते, ते सोसावे. यामुळे दोष रांगेत न पडता विखुरतात आणि एकत्र करताना ‘सिग्मा क्लिपिंग’ ही पद्धत निवडली की सॉफ्टवेअर त्यांना बेमेल ठरवून गाळते. विमाने आणि उपग्रहांच्या रेषाही त्याच गाळणीत जातात. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर या दोन्ही मोफत प्रोग्राममध्ये ही सोय आहे. साधी सरासरी निवडली तर डिदरिंगचा निम्मा फायदा वाया जातो. ज्यांच्या सेन्सरला कोपऱ्यातील झळाळी नाही त्यांनी डिदरिंग नीट केले तर डार्क फ्रेम वगळल्या तरी चालते, असे माझे मत आहे. झळाळी असेल तर मात्र डार्क फ्रेमला पर्याय नाही.

नॉइज वाटणाऱ्या इतर गोष्टी

फक्त कोपऱ्यांत दाणेदारपणा असेल आणि झाकणाच्या चाचणीत कोपरे स्वच्छ असतील, तर लेन्स पूर्ण उघडी वापरल्यामुळे कोपऱ्यांत प्रकाश कमी पोहोचला आहे आणि सॉफ्टवेअरने ते कोपरे उजळताना नॉइजही उजळला आहे; ॲपर्चर एका स्टॉपने (प्रकाश निम्मा होईल इतके) लहान करावे. तारे फुगलेले आणि धूसर दिसत असतील तर आधी लेन्सवर दव आहे का ते बोटाऐवजी टॉर्चने पाहावे. अंधाऱ्या जागी आकाशात हिरवट किंवा तांबूस रुंद पट्टे आले तर ते सेन्सरचे नसून बहुधा वरच्या वातावरणाची स्वतःची आभा असते. त्यातील हिरवा रंग सुमारे १०० किमी उंचीवरील ऑक्सिजनचा, ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. जेपेगमध्ये तारे पुसट झाले असतील तर कॅमेऱ्याने नॉइज समजून तेच पुसले आहेत, रॉ वापरावे.

डिदरिंग केल्यानंतर त्याच जागी घेतलेल्या ८० छायाचित्रांत रेघा उरल्या नाहीत. ज्येष्ठेजवळच्या काळ्या धूलिमेघांत थोडा दाणेदारपणा राहिला आहे, पण तो प्रकाशाच्या कमतरतेचा आहे आणि तो निम्मा करायचा तर चौपट, म्हणजे ३२० मिनिटे हवीत. मेच्या मध्यास ज्येष्ठा रात्री साडेदहा ते पहाटे साडेचारपर्यंत २५ अंशांच्या वर असते, त्यामुळे हा हिशेब एका रात्रीत बसतो, पण सेन्सर तापलेला मिळतो. एप्रिलच्या मध्यास ती एवढी वर येईपर्यंत मध्यरात्र उलटते आणि पाचच्या सुमारास पहाट उजाडू लागते, म्हणून मी एप्रिलमधील लागोपाठच्या दोन रात्री धरतो आणि दोन्ही रात्रींच्या डार्क फ्रेम वेगवेगळ्या ठेवतो.